दुखणं वाहण्याचा नवस

आतड्यात गाठ आहे आणि पोट उघडूनच ती काढावी लागेल, हे कळलं तेव्हा मी घाबरले नाही, चिडले. मखमलाबादच्या आमच्या मळ्यात शेवंती ऐन बहरात होती आणि मला आजारी पडायला सवड नव्हती. त्याच तिरीमिरीत देवघरातल्या सप्तशृंगीसमोर बसले आणि नवस बोलले, "आई, गाठ साधी निघू दे. ऑपरेशननंतर जे दुखेल ते मी सोसेन, दुखणं थांबवायची सुई घेणार नाही. ते दुखणं तुझ्या पायी वाहिलं." लोक नारळ वाहतात, साडीचोळी वाहतात. मला ते फार सोपं वाटलं. हा नवस मी घरात कोणालाही सांगितला नाही, सुनेलासुद्धा नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ मॅडम आल्या. पाठीच्या कण्याजवळ एक बारीक नळी ठेवू, तिच्यातून औषध सोडत राहू, म्हणजे पोट फारसं दुखणार नाही, असं त्यांनी समजावलं. "काकू, चुलीच्या धुराने तुमची छाती आधीच खराब झालीय. दुखत असलं की माणूस खोल श्वास घेत नाही, खोकत नाही. मग कफ साठतो आणि न्यूमोनिया होतो." मी म्हटलं, "पाठीत सुई घेतली की जन्माची कंबर धरते. मला नको." तसं होत नाही, हे त्यांनी परोपरीने सांगितलं. पण मी हटून बसले. खरं कारण पोटातच ठेवलं. सून बाहेर जाऊन रडली, हे मला नंतर कळलं.

गाठ निघाली. शुद्धीवर आले आणि पहिल्याच श्वासाला उमगलं, की आपण काय बोलून बसलोय. सलाईनमधून थोडं औषध मला न विचारताच जात होतं, पण पोटावरचा तो उभा छेद हालू देईना की बोलू देईना. श्वास ओढून गोळे वर चढवायचं एक छोटं यंत्र हातात दिलं होतं. त्यातला एकही गोळा जागचा हलेना. तरी मी दातावर दात धरून पडून राहिले. छातीत घरघर सुरू झाली, नाकाला ऑक्सिजनची नळी लागली. असंच चाललं तर श्वासाच्या मशीनवर ठेवावं लागेल, असं डॉक्टरांनी सुनेला सांगितलं. मॅडम पुन्हा आल्या. "पाठ राहू द्या. पोटाच्या दोन्ही बाजूंना, सोनोग्राफीत बघून, स्नायूंच्या थरांमध्ये औषध सोडते. तिथल्या नसा बधिर होतील. गुंगी येणार नाही." मी मान हलवली. नाही म्हणजे नाही.

शेजारच्या खाटेवर दिंडोरीकडच्या एका बाईची लेक होती. ती बाई सकाळी लेकीला अंगारा लावायची आणि मोठ्याने म्हणायची, "सप्तशृंगी माता की..." आणि सगळा वॉर्ड म्हणायचा, "जय!" त्या सकाळी सुनेने मला उशीला टेकवून बसवलं होतं. मला वाटलं, आज आपणही आईचं पूर्ण नाव घ्यावं. 'सप्त' एवढंच बाहेर पडलं. पोटात कळ उठली आणि नाव अर्ध्यावर तुटलं. पुन्हा केलं, पुन्हा तुटलं. माझ्या डोळ्यांना धार लागली.

ती बाई जवळ आली. "काय झालं गं माय? नाव बी घेता येत नाय?" सुनेला न सांगितलेला नवस मी त्या परक्या बाईला तुटक तुटक सांगून टाकला. ती चक्क हसली. "आगं येडे, लेकराचं दुखणं घिऊन आई काय करंल? तुलाच लय सोस हाय सोसायचा. ती गडावर दुखणं उतरवाया बसली हाय, गोळा कराया नाय." आणि तिने माझ्या कपाळाला अंगारा लावला.

आधी मला तिचा राग आला. मग लाज वाटली. जिच्यासाठी सोसत होते, तिचंच नाव त्या सोसण्यापायी गिळत होते. मी आईच्या पायी दुखणं कुठे वाहिलं होतं? माझा ताठाच तर मिरवत होते.

सुनेला म्हटलं, "मॅडमना बोलाव. सुई घेते." त्यांनी पोटावर थंडगार जेल लावलं आणि पडद्यावरचे करडे पट्टे बघत दोन्ही बाजूंना औषध सोडलं, बारीक नळ्याही ठेवल्या. हळूहळू टाके लांब गेल्यासारखे झाले. आत खोल थोडं दुखत होतं, पण छाती भरून श्वास घेता येऊ लागला. मग मी चंगच बांधला. पोटावर उशी दाबून खोकले, पुन्हा खोकले. घट्ट कफ पडला तेव्हा सूनबाईंना लेकरू झाल्याएवढा आनंद! दुपारी यंत्रातला पहिला गोळा वर चढला. दुसऱ्या दिवशी सलाईनचा स्टँड धरून मी वॉर्डात चालत होते. एवढी वर्षं ज्या हट्टापायी बोलणी खाल्ली, तो एकदाचा कामी आला.

ती बाई देवी होती असं मी म्हणणार नाही. देवी काही माझ्या सुनेकडे मिश्री मागायची नाही. लेकीला घेऊन ती गेली आणि तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं. पण ती बोलली ते कोणाचं बोलणं होतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

गाठ साधी निघाली. अंगात ताकद आल्यावर वणीच्या गडावर गेले. पायऱ्यांना मनाई होती, मुकाट्याने रोपवेत बसले. आईची ओटी भरली आणि हात जोडून म्हटलं, "मोडला गं तुझा नवस." मग छाती भरून तिचं नाव घेतलं, सबंध. व्रण जरासा ओढला. तेवढं दुखणं माझ्याकडे राहिलं, बाकीचं तिने न मागता उतरवून घेतलं होतं.