सायबीण थांबली नाही ते घर

संध्याकाळी सातच्या सुमाराला कोरगावच्या खुरसावाड्यावरून कुणी चालत गेलं, तर त्याला एकाच घरातून दोन तेर्स ऐकू यायचे. तेर्स म्हणजे ख्रिस्ती घरात रोज संध्याकाळी म्हणायची जपमाळ. घर एक, छप्पर एक, मधे भिंत. भिंतीच्या या बाजूला पियेदाद आणि तिचे दोन मुलगे, त्या बाजूला तिची विधवा मोठी जाऊ कोंसू. वाटणीच्या वेळी घातलेली ही भिंत चिरे संपले म्हणून छपराच्या हातभर खालीच थांबली होती. त्यामुळे जावांचं बोलणं बंद झालं तरी आवाज बंद झाले नाहीत. खोकला, भांडी, मिरची परतल्याचा ठसका, सगळं वरून ये-जा करायचं.

पियेदाद "नमान मोरिये" म्हणून सुरुवात करायची, तेवढ्यात पलीकडून कोंसू. मग पियेदाद आवाज चढवायची. मग कोंसू. पाचव्या, म्हणजे शेवटच्या, दहकापर्यंत दोघींचा घसा बसलेला असायचा.

"मांय, देव बहिरो आसा काय?" धाकटा बास्त्यांव विचारायचा. वय तेरा.

"तू गप. आनी घुडघ्यार नीट बस. तुजे पांय मासळेभशेन कित्याक हालतात?"

"मच्छर आसात."

"जेझूक खिळे मारले. तुका मच्छर जड जातात?"

थोरला रुजार सोळाचा. तो खालच्या आवाजात प्रार्थनेचा अर्धा भाग परत म्हणायचा. आईने अर्धी म्हणायची, मुलांनी उरलेली अर्धी, अशीच ती असते. नवरा, इनास, तारवावर. वर्षातले दहा महिने दर्यात. त्यामुळे मुलगे वाढवायचे ते पियेदादनेच, आणि तिच्या हातात तीन गोष्टी होत्या: तेर्स, नारळाच्या हिराची झाडू आणि बेसांव. तेर्स संपला की मुलांनी आईपुढे हात जोडून बेसांव, म्हणजे आशीर्वाद, मागायचा. त्याशिवाय ताटात भात नाही. मुलं दिवसभर मराठी शाळेत पाढे म्हणायची, गावात शेजारच्या जानकीकाकीच्या पोरांबरोबर काजूच्या बिया खेळायची, पण सात वाजता गुडघे जमिनीला. "बापूय हांगा ना, देखून देव हांगा आसूंकच जाय," असं ती म्हणायची.

भांडण झालं होतं ते ओरातोरावरून. सासूच्या वेळचा तो देवाचा लाकडी देव्हारा. काचेचं दार, आत निळा रंग, वर कोरलेल्या दोन देवदूतांची तोंडं. वाटणीत तो थोरल्या घराकडे गेला. पियेदादच्या वाट्याला देवासाठी भिंतीवरची फळी आली आणि त्यावर कॅलेंडरातून कापून चौकटीत घातलेलं चित्र. सहा वर्षं ती जावेशी एक शब्द बोलली नव्हती. "लाकडाखातीर न्हय," ती जानकीकाकीला सांगायची, "न्यायाखातीर."

"हो," जानकीकाकी म्हणायची, "लाकूड खूप छान आहे ते."

दर डिसेंबरात सायबीण वाड्यावर फिरायची. सायबीण म्हणजे मोरिये मातेची, येशूच्या आईची, लहान मूर्ती, फुलांनी सजवलेली. कपेलातून, वाड्यावरच्या छोट्या चर्चमधून, निघते आणि एकेका घरी एक दिवस राहते. दुसऱ्या संध्याकाळी सगळा वाडा जमतो, गाणी म्हणत तिला शेजारच्या घरी पोचवतो. तिथे लादिन, म्हणजे सगळ्यांनी मिळून गायची प्रार्थना, होतं, उकडलेले चणे वाटतात. क्रम ठरलेला. घराला घर लागून. कुठलंही दार सुटत नाही, मग त्या घरात भांडण असो, दारू असो, की सुतक.

पियेदादच्या नंतर कोंसू, मग सांतानाचं घर. दरवर्षी. आणि दरवर्षी पियेदादने दोन दिवस खपून मांडलेल्या टेबलावरून सायबीण उठायची, कोंसूच्या ओरातोरात जाऊन बसायची, आणि बायका म्हणायच्या, "हांगा कशी शोभता पळय."

त्या वर्षी, शहाऐंशी साली, गोव्याच्या राजभाषेच्या आंदोलनात रस्ते अडवलेले होते. वाटेवर माड आडवे, बसगाड्या बंद. मुलीच्या बाळंतपणाला पणजीला गेलेली कोंसू तिकडेच अडकली होती. आणि त्याच वर्षी इनासने कुठल्याशा बंदरातून लुकलुकणाऱ्या दिव्यांची माळ पाठवली होती. त्याच वर्षी सायबीण हातात धरून चालायचा मान पहिल्यांदा रुजारला मिळाला होता. पियेदादने त्याला पांढरा शर्ट शिवून घेतला. सायबीण तिच्या घरी आली, दिवे लुकलुकले, आणि वाड्यावरच्या बायका टेबलासमोर थांबून राहिल्या.

"कोण म्हणटलो हें टेबल म्हूण," कुणीतरी म्हणालं. पियेदाद दिवसभर ते वाक्य मनात घोळवत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती टेबलाजवळ फुलं बदलत होती. रुजार शर्टाला इस्त्री करत होता. बास्त्यांव चण्यांचं रिकामं पातेलं चाटत होता. तेव्हा भिंतीवरून आवाज आला. आधी खोकला. मग दाराची कडी. मग बऱ्याच वेळाने, पातेल्यात ओतलेल्या चण्यांचा आवाज.

रुजारने इस्त्री उचलून धरली. बास्त्यांवने आईकडे पाहिलं. पियेदाद फुलं खोचत राहिली.

चारच्या सुमाराला अंगणात मिंगेल आला. वाड्याचा म्हातारा मुकादम, सायबिणीचा क्रम तोच सांभाळायचा. डोळ्यांत मोतीबिंदू वाढलेला, त्यामुळे कुठे काय हे विचारूनच घ्यायचा. कोंसूचं दार मागच्या पाणंदीत उघडायचं, पियेदादच्या अंगणातून ते दिसत नसे.

"पियेदाद, कोंसू पावली गो?"

तिच्या मागे दारात रुजार उभा होता, पांढऱ्या शर्टात.

"ना," पियेदाद म्हणाली. "पावूंक ना. रस्ते बंद न्हय?"

"मागीर दार बंद?"

"बंद. सरळ सांतानागेर व्हरूंया. बांधावयल्यान गेल्यार लागीं पडटा."

मिंगेलने मान हलवली आणि गेला. पियेदाद वळली. रुजार तिच्याकडे बघत होता. "कितें पळयता? केस विंचर," ती म्हणाली.

संध्याकाळी मिरवणूक शेताच्या बांधावरून निघाली. भात कापून झालेलं, खाली नुसते खुंट. बांध इतका अरुंद की एकामागे एक चालायचं, वळायला जागा नाही. पुढे रुजार, दोन्ही हातांत सायबीण. मागे मिंगेल, मग पियेदाद, मग मेणबत्त्या घेतलेला सगळा वाडा. अर्ध्या वाटेवर डाव्या हाताला घराची मागची बाजू दिसली. कोंसूच्या पायऱ्यांवर मेणबत्त्या लावलेल्या होत्या. खालपासून वरपर्यंत, दोन्ही बाजूंनी. दार सताड उघडं. आत ओरातोराचा निळा रंग. आणि दारात पांढऱ्या फ्राकात एक बाई उभी.

रुजारची पावलं मंदावली.

"फुडें चल," पियेदाद म्हणाली.

"मांय."

"फुडें चल म्हणटां."

मिंगेलने डोळे बारीक केले. "तो कसलो उजवाड गो?"

"जानकीगेली पणती आसतली," पियेदाद म्हणाली, आणि पुढचं गाणं तिनेच उचललं, सगळ्यात वरच्या पट्टीत. मागच्यांनी तिच्या मागे म्हटलं. मागे काही जणींनी तो उजेड पाहिला, माना वळवल्या, पण बांधावर थांबता येत नव्हतं. पायऱ्यांवरची बाई हलली नाही. गाणं शेतातून लांब जाताना तिला शेवटपर्यंत ऐकू येत असणार.

त्या दिवशी घरी येऊन पियेदादने ताटं वाढली. मुलं जेवली. बेसांव कुणी मागितला नाही, आणि न मागता भात वाढला हे तिच्या लक्षात आलं ते भांडी घासताना.

दुसऱ्या दिवशी सात वाजता ती फळीसमोर गुडघे टेकून बसली. मुलं येऊन बसली. "नमान मोरिये," तिने सुरुवात केली, आपला अर्धा भाग पुरा केला आणि थांबली.

कुणी काही म्हणालं नाही.

भिंतीपलीकडेही काही नव्हतं. त्या घरातून त्या संध्याकाळी तेर्स आलाच नाही. सहा वर्षांत पहिल्यांदा तिला स्वतःचा आवाज एकटा ऐकू आला, आणि तो इतका मोठा होता की ती दचकली.

"कितें जालें? जीब जड जाली?"

बास्त्यांव म्हणाला, "मांय, चण्यांचो आवाज तुका आयकूंक येवंक नाशिल्लो?"

ती झाडूकडे गेली नाही.

"रुजार, तू तरी म्हण."

"सायबीण म्हज्या हातांत आशिल्ली," रुजार म्हणाला. आवाज नुकताच फुटलेला, मधेच घोगरा झाला. "तुवें सांगलें फुडें चल. हांव चललों. आतां तें खोटें, ती फट, तुजी एकलीची न्हय. म्हजीय जाली." आणि तो उठून अंगणात गेला.

सकाळी विहिरीवर जानकीकाकी भेटली. तिने कळशी भरून घेतली. मग म्हणाली, "कोंसूचे पाय बघितलेस? नाही, तू कशाला बघशील. म्हापशापर्यंत कशीबशी पोचली, तिथून चालत आली. मधे थोडं एका चिऱ्यांच्या ट्रकात बसली, बाकी चालत. मी कोमट पाणी दिलं पाय बुडवायला. विचारलं, एवढी घाई कसली, नातू टाकून? तर म्हणते, सायबीण दाराशी येईल आणि दार बंद दिसेल, बरं नव्हे."

पियेदाद रहाटाची दोरी धरून उभी होती.

"चणे कोंबड्यांना घातले तिने," जानकीकाकी म्हणाली. "आणि पियेदाद, माझ्या घरी त्या दिवशी पणती नव्हती. रॉकेल आणि तेल दोन्ही संपलेलं. माझं नाव घ्यायचं तर आधी विचार तरी." कळशी कमरेवर घेऊन ती निघून गेली.

त्या दिवशी पियेदादने लुकलुकणारी माळ उतरवून डब्यात ठेवली. स्वयंपाक करताना पळी हळू ठेवू लागली, आवाज पलीकडे जाऊ नये म्हणून. कोंसूच्या खोकल्याने तिची मान खाली जायची, कुणी बघत नसताना. दुसऱ्या संध्याकाळी ती तेर्साला बसली आणि तोंडच उघडलं नाही. तिघं मेणबत्ती संपेपर्यंत नुसती बसली. बास्त्यांवचे पायसुद्धा हलले नाहीत.

तिसऱ्या संध्याकाळी सायबीण सांतानाच्याही पुढच्या एका घरी होती. लादिन संपलं, चण्यांच्या परातीला हात लागणार, तेवढ्यात पियेदाद उठून उभी राहिली. रुजार दाराजवळ होता. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही, पाहिलं असतं तर बोलता आलं नसतं.

"मिंगेल," ती म्हणाली, "कोंसू घरांत आशिल्ली. म्हाका खबर आशिल्ली. हांवें फट मारली."

परातीवरचे हात थांबले. मागून एक बाई म्हणाली, "आमी उजवाड पळयल्लो."

"पळयल्लो," मिंगेल म्हणाला, "आनी जिबेक कुलूप?" ती बाई खाली बसली. मग तो पियेदादकडे वळला. डोळ्यांनी नीट दिसत नसल्याने तो तिच्या खांद्याच्या बाजूला बघून बोलत होता, आणि तेच तिला बरं वाटलं. "सायबीण वाटेंत परती वचना. निमाणें, शेवटाचें घर कोंसूचें. थंयसून कपेलांत. आनी तें कोंसूक तुवेंच सांगपाक जाय."

ती गेली. मागच्या पाणंदीने, सहा वर्षांनी. कोंसू पायरीवर बसून पायांना तेल चोळत होती.

"निमाण्या दिसा सायबीण तुजेगेर येता," पियेदाद म्हणाली.

"बरें."

"हांवें..."

"आयकलां," कोंसू म्हणाली. "भिंत लहान आसा. तुजो पूत अंगणांत रडटा तेंय आयकलां." आणि तिने तेलाची बाटली बंद केली. आत ये म्हणाली नाही.

शेवटच्या दिवशी सायबीण ओरातोरात बसली. पियेदाद कोंसूच्या पायऱ्यांखालीच उभी राहिली. बोलावल्याशिवाय आत जायचं तिला धैर्य नव्हतं, आणि कुणी बोलावलं नाही. रुजारनेच मूर्ती आत ठेवली, पण मागे वळून पाहिलं नाही. लादिन झाल्यावर कोंसू परात घेऊन फिरत बाहेर आली. सगळ्यांना कागदात चणे, मुलांना दोनदा. पियेदादपाशी कागद संपले होते.

"हात फुडें कर."

पियेदादने दोन्ही हात पुढे केले. कोंसूने मूठभर चणे ओतले. "उणे आसात. पयले कोंबयांनी खाले."

कुणीतरी हसलं. पियेदादने ते चणे तिथेच, सगळ्यांसमोर, एकेक करून खाल्ले. मीठ जास्त होतं.

दुसऱ्या संध्याकाळी तिने पुन्हा सुरुवात केली. हळू. बास्त्यांवने उरलेला भाग म्हटला. रुजार गप्प. आमच्या बापाची प्रार्थना आली, आणि आम्ही भोगसतो तशी आमची पातकं भोगस या क्षमेच्या ओळीशी ती अडली. पुढे जाताच येईना. मेणबत्ती तडतडली.

भिंतीवरून आवाज आला. "कितें जालें? फुडें म्हण. म्हजे घुडघे दुखतात."

रुजारने मान खाली घातली, पण त्याचा खांदा हलला. मग पुढचा शब्द त्यानेच उचलला. बेसांव मात्र त्याने त्या दिवशी मागितला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. नवव्या दिवशी, नाताळाच्या आदल्या संध्याकाळी, आपणहून येऊन हात जोडले. पियेदादचा हात त्याच्या डोक्यापर्यंत पोचायला वेळ लागला. पोरगा तिच्याहून उंच झाला होता, आणि तिचा हातही लगेच उठेना.

पुढच्या वर्षी गोवा राज्य झालं, मग मिंगेल गेला, मग कोंसू. ओरातोर आता पियेदादच्या घरात आहे. कोंसूनेच दिला. पियेदाद तो रोज पुसते, पण समोर बसून तेर्स म्हणत नाही. अजून फळीसमोरच.

रुजार आज वाड्याचा मुकादम आहे. सायबिणीचा क्रम तोच ठरवतो. पुढचं घर उघडं आहे का, हे तो कुणालाही विचारत नाही. स्वतः जातो, दारावर हात ठेवतो, आत हाक मारतो, मग परत येऊन मूर्ती उचलतो. लोक म्हणतात, मुकादम खूप कडक आहे. पियेदाद तेव्हा अंगणाच्या कडेला उभी असते, आणि तो परत येईपर्यंत खाली बघत फ्राकाची कड सारखी करत राहते.