डावीकडची चाकं

बाबांनी गाडी घेतली ती रिटायर झाल्यावर. सेकंडहॅण्डच, पण चंदेरी अलॉय व्हीलवाली हवी, हा त्यांचा हट्ट. आयुष्यभर अंधेरीच्या एका ऑफिसात कारकुनी केलेल्या माणसाला गणपतीला स्वतःच्या गाडीने गावी जायचं होतं. दोन वर्षं ते आईला घेऊन थाटात गेलेही.

मग डावीकडची चाकं घासायला लागली. भांडुपच्या आमच्या गल्लीत फुटपाथच्या कडा अशा आहेत की कुणाचीही चाकं घासतील, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही. रिमच्या कडेवर ओरखडे उठले, एका ठिकाणी टवकाच उडाला. बाबा म्हणाले, "बाहेर कशाला द्यायची? मोबाइलवर सगळं दाखवतात. आपणच करू."

मी रविवारी मुलुंडहून माहेरी यायचे. बिल्डिंगखालच्या पार्किंगमध्ये आमचा कारखाना सुरू व्हायचा. चाक काढायचं, साबणाने धुवायचं, ओरखडे पॉलिश पेपरने घासायचे, खड्ड्यात पुट्टी भरायची, मग पुन्हा घासायचं. शेवटी स्प्रेचा रंग. तो टायरवर उडू नये म्हणून बाबा रिम आणि टायरच्या फटीत खेळायचे पत्ते गोलाकार खोचायचे. आई वरून ओरडायची, "पत्ते खेळूचे सोडून चाकात कित्या घालतास?"

पहिलं चाक असं झकास झालं की बाबांनी वॉचमनला बोलावून दाखवलं. महिन्याभरात तेच परत घासलं. मग मागचं. मग डावा आरसाच तुटून लोंबकळायला लागला. "रस्त्यांची वाट लागलीय," बाबा म्हणाले. मलाही ते पटलं.

त्या रविवारी मी वर चहा आणायला गेले, तेव्हा बाबा स्टुलावर बसून पुढ्यात आडव्या ठेवलेल्या चाकाला पॉलिश पेपर मारत होते. मी खाली येऊन त्यांच्या डाव्या हाताला कप धरून उभी राहिले. ते मान वर करून उजवीकडे जिन्याकडे बघत म्हणाले, "कुठे राहिली ही?"

"बाबा, इथेच आहे ना."

ते दचकले. मग हसून म्हणाले, "बघ, झालं चाक. आता पुट्टी काढ."

मी खाली बघितलं. चाकाची उजवी बाजू घासून गुळगुळीत झाली होती. डाव्या अर्ध्या बाजूला पेपर लागलाच नव्हता. ओरखडे होते तसेच होते.

"सगळं झालं?"

"मग! हात फिरवून बघ."

मी चाक अर्धं फिरवलं. ओरखडे त्यांच्या उजवीकडे आले तसे ते थबकले. "अरे, हे राहिलंच की," म्हणाले आणि परत घासायला लागले.  कप मी जमिनीवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर, मग स्कॅन. मेंदूत उजवीकडे गाठ होती. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं, की डोळे चांगले आहेत, पण डावीकडचं जग त्यांच्या लक्षातच येत नाही. आई नुसती पदराशी चाळा करत राहिली. बाबांनी एकच विचारलं, "म्हणजे गाडी बंद?"

"हो काका."

ऑपरेशन झालं, पण सगळी गाठ निघाली नाही. घरी आल्यावर ते म्हणाले, "गाडी विकायची तर नीट करून विकायची. घेणाऱ्याने नावं ठेवता कामा नयेत." उरलेलं चाक मी केलं. त्यांची खुर्ची अशी ठेवली की मी आणि चाक दोघं त्यांच्या उजवीकडे राहू. बोट दाखवून सांगायचे, "तिथे घास. नाही गं, अजून." हवा दमट होती, रंगाला बारीक फोड आले. मला वाटलं, त्यांना दिसणार नाहीत. दिसले. "चालतंय," ते म्हणाले. असं ते कधीच म्हणायचे नाहीत.

बाबा गेल्यावर गोरेगावचं एक जोडपं गाडी घ्यायला आलं. नवऱ्याने इंजिन बघितलं, बायकोने सीट दाबून बघितल्या. चाकांकडे दोघांचंही लक्ष गेलं नाही. मी किल्ली दिली आणि गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत फाटकाशी उभी राहिले.

वर आले तर आई स्वयंपाकघरातच होती. गॅलरीत आलीच नव्हती.

"गेली?" तिने आतूनच विचारलं.

"गेली."

तिने गॅस बंद केला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.