बालदीत बुडवलेलं बोट

काजूच्या मोहोराला ढेकण्या किडा लागला की आमच्या लाटंबार्शे गावच्या घरात एक ठरलेली बालदी बाहेर निघते. उन्हाळ्यात वाळवलेल्या निंबोळ्या कुटायच्या, फडक्यात बांधून रात्रभर भिजवायच्या, सकाळी पिळून गाळायचं, थोडा साबण घालायचा. कामं मी वाटून देते. पण अर्क नीट उतरला की नाही हे सासूबाई ठरवतात. बोट बुडवून जिभेला लावतात. तोंड वाकडं झालं तर फवारायचं, नाही तर पुन्हा पिळायचं.

यंदा निंबोळ्यांना बुरशी आली. नवऱ्याने साखळीच्या बाजारातून औषधाची बाटली आणली. एका फुलात कीड मारणारं विष असतं, त्याची नक्कल करून हे कारखान्यात केलंय, असं दुकानदाराने त्याला सांगितलं होतं. घरी येईतो त्याचं 'फुलाचं औषध' झालं. ते त्याच बालदीत कालवून तो पंप आणायला मागे गेला. मी हातमोजे शोधत होते.

अंगणातून सासूबाईंचा आवाज आला. "ह्या कडू नाय गो! जीब चुरचुरता."

मी धावले. बोट अजून ओलं होतं.

नवऱ्याने मिठाचं पाणी आणलं. "पी आई, ओकून टाक."

"थांब!" उलटी करवू नका, असं बाटलीवर छापलेलं मी वाचलं होतं. त्यांना चुळा भरायला लावल्या, हात साबणाने धुतले, बाटली पिशवीत घातली.

"फुलाचाच मा ता?" नवऱ्याने विचारलं. मी स्कूटर काढली.

सासूबाई मध्ये, नवरा मागे त्यांना धरून. त्या गप्प झाल्या तर काय, हीच धास्ती. "आई, आज नुस्त्याचं काय करूया? बांगडे आणूया?"

"आधी खड्डे बघ."

पुढच्या वळणावर पुन्हा विचारलं. उत्तर नाही. मी वेग कमी करून मान मागे वळवली.

"आई!"

"ओठाक मुंग्यो इल्यो गो. बोलूक लावू नको माका."

साखळीच्या डॉक्टरांनी बाटली वाचली. पाणी घातलेलं होतं का, किती चाटलं, विचारलं. ह्याने मुंग्या येतातच, म्हणाले. तरी संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं. तोवर मी त्यांच्या ओठांवरून नजर हलवली नाही.

मुंग्या दुसऱ्या दिवशी गेल्या. पुढच्या फवारणीला शेजारून निंबोळ्या आणल्या. गाळून झाल्यावर सासूबाई सवयीने बोट पुढे करून आल्या. मी मनगट धरलं.

"अगो, निंबोळीच ती. वास येना तुका?"

वास येत होता. मनगट मात्र मला सोडवेना.