दीड फूट वर गेलेली रेषा

माझ्या नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. चेहरा एका गुन्ह्यातला आठवतो आणि पत्ता भलत्याच गुन्ह्यातला. पण कात्रजच्या उतारावर पडलेल्या एका भिंतीचं प्रकरण जसंच्या तसं मनात आहे, कारण त्यात मी एका निर्दोष मुलीला अटक करायला निघालो होतो. अटकेचे कागद मी स्वतःच्या हाताने भरायला घेतले होते. नावं कुणाचीच लिहिणार नाही. त्यातली काही माणसं अजून पुण्यातच आहेत आणि त्यांना शांतपणे जगू द्यावं असं मला वाटतं.

शहर तेव्हा चहूबाजूंनी वाढत होतं. हिंजवडीकडे कंपन्यांच्या बसगाड्या भरभरून जात होत्या आणि त्या बसमधल्या लोकांना घरं हवीत म्हणून टेकड्यांच्या उतारावर सोसायट्या चढत होत्या. आमच्या ठाण्यात त्या काळात दोन प्रकारच्या कागदांचे ढीग असत. एक परदेशी निघालेल्या मुलामुलींच्या पासपोर्ट पडताळणीचा आणि दुसरा बांधकामांच्या तक्रारींचा. मी निरीक्षक होतो आणि दोन्ही ढिगांना कंटाळलेला होतो.

श्रावणातली दुपार होती. एका बांधकामावर कुंपणाची भिंत पडल्याचा फोन आला. आम्ही पोचलो तेव्हा पाऊस थांबला होता आणि मजूर हातांनी दगड उचलत होते. भिंत चौकीदाराच्या खोलीवर पडली होती. चौकीदार फाटक लावायला गेला होता म्हणून वाचला. त्याची बायको आत तांदूळ निवडत बसली होती. आम्ही तिला बाहेर काढलं तेव्हा सुपाची कड तिच्या हातात तशीच होती. मी पंचनामा लिहायला बसलो आणि पहिल्याच ओळीत दोनदा खाडाखोड केली.

भिंत का पडली, हे पाहिल्यावर लक्षात आलं. टेकडीवरून येणारं पाणी ओढ्याकडे न्यायला जागेच्या कडेने एक मोठं गटार बांधलं होतं. वरचा निम्मा भाग हिवाळ्यात झाला होता. मग काही महिने काम बंद होतं आणि खालचा भाग नंतर झाला. दोन्ही भाग एका झाकलेल्या चेंबरमध्ये जोडले होते. खालचा भाग हवा त्यापेक्षा उंच झाल्यामुळे पाणी पुढे जाईना. ते चेंबरमध्ये तुंबलं, वर आलं आणि भिंतीमागे साठत गेलं. निष्काळजीपणाने मृत्यूस कारण झाल्याचा गुन्हा मी नोंदवला. आता निष्काळजीपणा कुणाचा, एवढं शोधायचं होतं.

तिसऱ्या दिवशी ठाण्यातला फोन वाजला. नाव न सांगता एका पुरुषाने सांगितलं, "कोथरूडच्या ज्या ऑफिसात त्या जागेचं काम कॉम्प्युटरवर होतं, तिथल्या मुलीने अपघाताच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फाइल बदलली आहे. बघा." फोन बंद झाला. मी स्टेशन डायरीत नोंद केली आणि गाडी काढली.

ऑफिस म्हणजे चार टेबलं आणि एक पंखा. तिथल्या प्रमुखाने मला ते सॉफ्टवेअर दाखवलं. जमिनीचा आकार पडद्यावर रेषांनी उभा केलेला असतो. गटार ही त्यातली एक रेषा. रेषेवर जागोजागी बिंदू असतात आणि प्रत्येक बिंदूला उंची द्यायची असते. दोन बिंदूंमधली उंची यंत्र स्वतः भरतं. पाहिजे तर अख्खी रेषा निवडून एकच आकडा टाकायचा, की ती तेवढी वर किंवा खाली जाते. पुढे जागेवरची माणसं त्या उंचीप्रमाणे खुंट्या ठोकतात आणि बांधतात.

फाइलमध्ये गटाराचा खालचा भाग वरच्या भागापेक्षा दीड फूट वर दिसत होता. जागेवरही तो दीड फूटच वर होता. आणि फाइल शेवटची जतन झाली होती ती अपघाताच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. त्याआधी तिच्यात काय होतं, ते सांगता येणार नाही, असं प्रमुख म्हणाले. दुसरी प्रत त्यांनी ठेवलेली नव्हती. जागेवरची छापील प्रत चौकीदाराच्या खोलीत टांगलेली असायची, ती चिखलात गेली. मी कॉम्प्युटर जप्त केला. चूक तिच्या रेषेत होती आणि जागेवर तसंच बांधलं गेलं, असं धरून माझ्या दृष्टीने प्रकरण तिथेच संपलं होतं.

मुलगी भंडाऱ्याकडची होती, तेवीस-चोवीस वर्षांची. पुण्यात शिकली आणि इथेच नोकरीला लागली. आमच्याच हद्दीत दोन मैत्रिणींबरोबर राहायची. परदेशातल्या एका कंपनीत तिची निवड झाली होती आणि तिच्या पासपोर्ट पडताळणीचे कागद माझ्याच टेबलाच्या खणात पडून होते. गुन्ह्यात नाव आलं की ते कागद परत जाणार, हे तिलाही माहीत होतं. महिला शिपाई शेजारी बसवून मी जबाब घ्यायला सुरुवात केली.

"दुसऱ्या दिवशी सकाळी फाइल तुम्ही उघडलीत?"

"हो सर."

"रेषा बदलली?"

"हो सर. खालचा भाग वर उचलला."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

"कुणाच्याच नाही." मग ती स्वतःच पुढे सांगू लागली. "त्या बाई गेल्या ते कळलं. माझंच काही चुकलं का ते बघत होते. माझे आकडे बरोबर होते, सर. त्या आकड्यांनी पाणी तिथे तुंबूच शकत नव्हतं. मग मी खालची रेषा थोडी थोडी वर घेत गेले. दीड फूट घेतल्यावर पाणी बरोबर त्या भिंतीशी येऊन थांबलं."

"आणि मग तेच जतन केलंत?"

"सवयीने झालं. आमच्याकडे लाइट जातात ना, दर पाच मिनिटांनी सेव्ह करतो सगळे."

दाराशी उभे असलेले आमचे हवालदार शनिवार पेठेत वाढलेले. ते शांतपणे म्हणाले, "म्हणजे आता वीजवाल्यांना आरोपी करायचं का, साहेब?"

मी हसलो. आज त्या हसण्याची लाज वाटते. त्यानंतर दोन तास मी तिला तेच प्रश्न उलटसुलट विचारले आणि तिने तीच उत्तरं दिली. खोटं बोलणारा माणूस दुसऱ्या खेपेला गोष्टीत काहीतरी भर घालतो, हे मी नव्या शिपायांना शिकवत असे. तिने एक शब्दही वाढवला नाही. पण त्या दिवशी मला ते पाठ केलेलं वाटलं. ती रडत नाही हेसुद्धा मला खटकलं. रडली असती तर तेही खटकलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे वडील येऊन बाकावर बसले. शाळामास्तर होते. रात्रभर बसचा प्रवास करून आले होते, तरी शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. मी जवळून जाताना ते उभे राहिले. "साहेब, माही पोरगी चुकली असन तर चुकली म्हणन. झाकणार नाही ते." मी म्हणालो, "बसा." सगळे बाप असंच म्हणतात, अशी माझी समजूत होती.

दुपारी अटक करायची ठरवून मी जागेवर गेलो. गेलो तो तिच्या बाजूने काही शोधायला नव्हे, तर आरोपपत्र पक्कं करायला. गटाराच्या मोजमापांचा पुरवणी पंचनामा हवा होता. तिथे एक वयस्कर गवंडी होते. त्यांचा जबाब कुणी घेतला नव्हता, कारण ते कुठल्याच कागदावर सही करत नसत. मी त्यांना सहज विचारलं, गटार बांधताना हे उंच जातंय असं वाटलं नाही का?

"वाटलं की," ते म्हणाले. "पण यंत्राचा आकडा बरोबर म्हणाले. मी म्हटलं असेल. आणि गटाराचंच काय घेऊन बसलात साहेब, ती पाण्याची टाकी बघा. तिचं जोतं पहिल्या इमारतीच्या जोत्याबरोबर यायला पाहिजे. नकाशात तसंच हाय. आलंय का?"

त्यांनी पाणी भरलेली पारदर्शक नळी आणली, जिच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीत राहतं. एक टोक इमारतीच्या जोत्याशी धरलं, दुसरं टाकीच्या जोत्याशी. मी टेप लावली. अठरा इंच.

मी ठेकेदाराच्या माणसाला विचारलं, टाकीची उंची त्या मुलीने दिली होती का? तो म्हणाला, टाकीचा नकाशा दुसऱ्याच ऑफिसातून आलेला आहे, तिचा काही संबंध नाही.

मी तिथेच एका विटांच्या थप्पीवर बसलो. तिने न काढलेली टाकीही बरोबर तेवढीच वर गेली असेल, तर चूक तिच्या रेषेत नव्हती. ती कालपासून हेच सांगत होती. इमारत आधीची होती; टाकी आणि गटाराचा खालचा भाग, ही दोन्ही कामं हिवाळ्यानंतर झाली होती. मी गवंड्यांना विचारलं, दोन्हींची उंची कशावरून मोजली?

"म्हसोबाच्या चौथऱ्यावरनं. तिथं लाल खूण हाय."

जागेच्या कोपऱ्याबाहेर म्हसोबाचं लहानसं देऊळ होतं. मोजणीची सुरुवात करायला एक पक्की, न हलणारी जागा लागते, म्हणून पहिल्या मोजणीच्या वेळी चौथऱ्यावर लाल रंगाची खूण केली होती. तिची उंची कागदावर लिहिलेली होती आणि बाकी सगळं त्या खुणेवरून मोजायचं होतं. पहिला मोजणीवाला नोकरी सोडून गेला. नव्याला खूण दाखवली आणि तो तिथून मोजत सुटला. देव कुठे हलतो, असं सगळ्यांनीच धरून चाललं होतं.

चौथऱ्यावर नवी कोरी फरशी होती. देवळाची देखभाल करणारे म्हातारबाबा झाडत होते. मी विचारलं, हा चौथरा कधी केला?

"उन्हाळ्यात, सायेब. लोकांनी हातभार लावला. जुना पार खचला व्हता, दीड फूट उचलून घेतला."

"आणि ही खूण?"

"ती सरकारी खूण हाय न्हवं? फरशीखाली बुजली असती. मग वर तशीच्या तशी काढली. त्याच कोपऱ्यात, त्याच रंगानं." त्यांच्या आवाजात अभिमान होता. मग माझा चेहरा पाहून त्यांनी झाडू खाली ठेवला. "काय चुकलं का, सायेब?"

मी त्यांना सांगितलं. सांगावंच लागलं. ते पायरीवर बसले. जबाब लिहिताना मी विचारलं, खूण परत काढायचं कुणाच्या मनात आलं? ते फरशीकडे पाहत म्हणाले, "तिच्याच. चौकीदाराच्या बायकोच्या. रोज दिवा लावाया यायची. म्हणाली, बाबा, सायबांची खूण झाकंल, त्यांचं काम अडंल. डबी बी तीच घेऊन आली रंगाची."

माझं पेन थांबलं. मग मी ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं.

ठाण्यात परतलो तेव्हा मास्तर बाकावर तसेच बसलेले होते. मी अटकेचे कागद फाडले आणि मुलीला आत बोलावून सगळं सांगितलं. फक्त रंगाची डबी कुणी आणली, ते सांगितलं नाही. ती ऐकून घेतल्यावर म्हणाली, "मी ती खूण कधी पाहिलीच नाही, सर. कागदावरचा आकडा घेतला आणि कामाला लागले." तेव्हा ती रडली. मी हवालदारांना चहा सांगितला आणि खणातून तिचे पासपोर्टचे कागद काढून त्यावर सही केली. पुढे गुन्ह्यात आरोपी झाला तो ठेकेदाराचा अभियंता, कारण काही महिन्यांच्या खंडानंतर खूण तपासून घेणं हे त्याचं काम होतं. फोन करणारा कोण, ते शेवटपर्यंत कळलं नाही. तो खोटं काहीच बोलला नव्हता.

त्याचा तो फोन ही माझी लाल खूण होती. ती जागेवर आहे की सरकली आहे, हे न पाहता मी पुढचं सगळं तिथून मोजलं. त्या मुलीचं शांत राहणं, तिची तीच ती उत्तरं, तिच्या बापाचा शब्द, सगळंच मला वाकडं दिसलं, आणि ज्याअर्थी सगळं एकसारखं वाकडं दिसत होतं त्याअर्थी चूक मोजणाऱ्याची आहे, हे मला नोकरीची वीस वर्षं झाल्यावरही सुचलं नाही. त्यानंतर प्रत्येक तपासाच्या वहीत पहिल्या पानावर मी लिहीत असे, हे मला पहिल्यांदा कुणी सांगितलं आणि मी स्वतः तिथे जाऊन पाहिलं का? निवृत्त होईपर्यंत ती सवय सुटली नाही.

पण एक गोष्ट त्या वहीनेही सुटली नाही. गावी परत जाण्यापूर्वी चौकीदार कागदांच्या प्रती न्यायला आला. त्याला वाचता येत नव्हतं. पिशवी मांडीवर घेऊन त्याने विचारलं, "कुणाची चूक निघाली, साहेब?"

"मोजायची खूण सरकली होती. कुणी तपासली नाही."

"कुणी सरकवली?"

आयुष्यभर मी लोकांना सरळ उत्तर द्या म्हणून दरडावलं होतं. मी म्हणालो, "देवळाच्या लोकांनी. चांगल्या मनाने केलं होतं त्यांनी."

त्याने मान हलवली. "चांगली माणसं आहेत तिथली. आमच्या हिलाही फार जीव लावायचे."

मी "हो" म्हणालो. प्रती त्याच्या पिशवीत घातल्या. त्यातल्या एका पानावर त्याच्या बायकोचं ते खुणेचं वाक्य आहे. मी त्याला ते वाचून दाखवलं नाही.