कोऱ्या पानावरची सही

तलावाच्या गेटवर मशीन बसवायला आलेल्या साहेबांनी माईक तोंडाजवळ घेतला आणि विचारलं, "बाई, शिक्षण किती?"

मी म्हणाले, सातवी.

"ऐका. सातवी पास मॅडम आता आपल्याला तंत्रज्ञान शिकवणार."

अख्खी ग्रामसभा हसली. माझा नवराही हसला. ते मी अजून विसरलेले नाही.

मी विचारलं होतं एवढंच, की या मशीनला आमची बारी, कोणाला आधी पाणी आणि कोणाला मागून, कळेल का. दिघोरीच्या पलीकडे आमचं धानाचं गाव. सगळी शेती एका तलावावर. पाऊस दडी मारतो तेव्हा पहिलं पाणी शेवटच्या बांधीला, टोकाच्या धानाच्या खाचराला, जायचं, तलावाला लागून असलेल्यांना सगळ्यात मागून. त्यांच्या जमिनीत झिरपा असतो, आमच्या नसतो. हे सगळं तलावाच्या पाळीवर बसून, भांडून, शिव्या देऊन ठरायचं. आता साहेब म्हणत होते, गेटवर निळी पेटी बसेल आणि मोबाईलवरून पाणी सुटेल. आमची बांधी शेवटची. मी नाही विचारणार तर कोण विचारणार?

सरपंच माझे चुलतदीर. ते हळूच म्हणाले, "वहिनी, बसा न. काहून गावाची इज्जत घालवून राहिल्या?"

मी बसले. कोणी हात धरून बसवलं नाही. स्वतःच बसले.

आमच्याकडे सभा सुरू व्हायच्या आधी रजिस्टर फिरतं. कोऱ्या पानावर सगळे सह्या करतात, म्हातारे अंगठा देतात. मजकूर ग्रामसेवक मागाहून लिहितो. सभेला न आलेल्या बायकांना शिपाई चुलीपुढून उठवतो आणि सही घेऊन जातो. हजेरीच तर आहे, असं सगळे म्हणतात. मीही त्या दिवशी सही केली होती. चांगली वळणदार.

धान पोटरीत आलं आणि पाऊस गेला. निळ्या पेटीवरचा दिवा लुकलुकत राहिला. तलावाजवळच्या बांध्या भरल्या, आमच्या बांधीला भेगा पडल्या. सरपंच भाऊजींना विचारलं तर म्हणाले, मशीन ठरवते, माझ्या हातात काही नाही. गेट उघडायचा मोबाईल त्यांच्याच खिशात होता. मशीनमध्ये नावं कोणत्या क्रमाने भरली, ते कोणी सांगेना.

मी पंचायतीत गेले. ग्रामसेवकाने रजिस्टर पुढे सरकवलं. ठराव सर्वानुमते मंजूर. पाणीवाटपाचा जुना रिवाज बंद. गेटला हात लावणाऱ्यावर गुन्हा. खाली सह्या.

"ही तुमचीच न?"

माझीच होती. खोटी असती तर बरं झालं असतं. कोणी काही चोरलं नव्हतं. वर्षानुवर्षं आम्हीच कोरं पान देत आलो होतो आणि त्याला लोकशाही म्हणत होतो. साहेबाचा आला नाही एवढा मला माझाच राग आला.

पुढच्या सभेत तलावावर सोलरच्या प्लेटा तरंगवायचा विषय होता. रजिस्टर माझ्यापर्यंत आलं. मी पेन घेतला आणि या कडेपासून त्या कडेपर्यंत, मोठ्या अक्षरात, पानभर लिहिलं: सही करताना हे पान कोरं होतं. मग सही केली.

भाऊजी म्हणाले, "पान खराब केलं तुमी."

"खराब नाही केलं, भाऊजी. भरलं. तुमाले मागून लिवाले जागा नाही ठेवली."

या वेळी कोणी हसलं नाही. साहेबांनी माझं नाव विचारून लिहून घेतलं.

दुसऱ्याच दिवशी मोटरसायकलवर दोघं आले. नवऱ्याला शेताच्या धुऱ्यावर, बांधावरच, गाठून म्हणाले, "बाईले आवर. विकासाच्या आड येऊन राहिली." तेव्हापासून ती गाडी रोज आमच्या वळणावर उभी असते. घरकुलाच्या यादीतून आमचं नाव गेलं. बोअरवर बायका माझ्याशी बोलत नाहीत. उद्या कोणी ती पेटी फोडेल आणि माझं नाव सांगेल, हेही मला दिसतं आहे. नवरा म्हणतो, सोड. मला भीती वाटते. खूप वाटते.

तरी मी घरोघरी जाते. लिहिलेलं वाचून दाखवल्याशिवाय शिपायाच्या हातून पेन घेऊ नका, एवढंच सांगते. काल तीन घरांनी दार लावून घेतलं. आज मी पुन्हा त्याच तीन घरी जाणार आहे.

माझी सही आता कोऱ्या पानावर हवी असेल, तर त्यांना हात तोडून न्यावा लागेल.