नंदाबाईंचा सव्वा तास

परतूरजवळच्या आष्टीच्या नंदाबाईंना गाडी लागते, ही काही बातमी नव्हे. गाडी बऱ्याच जणींना लागते. पण नंदाबाईंचं पोट घड्याळाच्या काट्यावर चालायचं. एसटी असो, जीप असो की रेल्वे, सव्वा तास त्या ऐटीत बसत. सव्वा तास भरला की शेजारच्यांनी पाय वर घ्यावेत हे बरं.

त्यापायी लेकीचं घर बघायचं राहून गेलं. वंदनाला कोल्हापूरला देऊन सात वर्षं झाली. नंदाबाई तीनदा निघाल्या आणि तिन्ही वेळा सव्वा तासावरच्या शहागडहून माघारी फिरल्या. तिकडे वंदनाच्या सासरी पाहुणचाराची सगळी तयारी. "तुझ्या आईला यायचंच नसेल," असं सासू एकदा बोलून गेली, ते वंदनाने फोनवर रडत सांगितलं. तेव्हापासून नंदाबाईंच्या जिवाला घोर लागला होता. लेक कुठल्या ओट्याशी उभी राहून भाकरी थापते, एवढं तरी स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं.

कुणी म्हणे, टप्प्याटप्प्याने जा. पण दर तासाला मुक्काम करायचा तर गावोगाव पाहुणे हवेत, आणि नंदाबाईंचे पाहुणे उलट्या दिशेला, परभणीलाच संपायचे.

एक दिवस नवरा, काकासाहेब, जुन्या जालन्यातल्या तिकीटवाल्याकडून खबर घेऊन आले.

"नांदेडहून इमान हाय कोल्हापूरला. सव्वाचारशे किलोमीटर."

"किलोमीटर घेऊन काय करू? टाइम सांगा."

"एक तास पाच मिंटं."

"बराबर इचारलं ना?"

"तीनदा इचारलं. चौथ्यांदा त्यो मलाच उठवून राह्यला व्हता दुकानातून."

म्हणजे दहा मिनिटं हातात! नंदाबाईंनी त्याच दिवशी पिशवी भरायला घेतली.

तासाभराच्या विमानासाठी दोघं दोन दिवस आधी निघाले. परतूरला थांबले, परभणीला मावसबहिणीकडे मुक्काम केला, मग नांदेड. मावसबहीण हसून हसून लोळायचीच बाकी राहिली.

विमान उडालं तशी नंदाबाईंनी नवऱ्याच्या मनगटावरच्या घड्याळाला नजर लावली. तास झाला. आता उतरणार, तेवढ्यात विमान वळलं. धावपट्टी मोकळी नाही, थोडं फिरावं लागेल, असं सांगण्यात आलं. काकासाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. समोरच्या खिशातली कागदी पिशवी काढून त्यांनी बायकोच्या तोंडापुढे धरली.

"अवं, सरका की, दिसंना मला!" नंदाबाई खिडकीला डोकं लावून बसल्या होत्या. खाली हिरव्यागार उसातून नदी वळत चालली होती. "ह्यातलं वंदीचं घर कोन्तं असंल हो?"

काकासाहेबांनी पिशवी खाली घेतली नाही, पण मनगटावरचं घड्याळ हळूच बाहीखाली सरकवलं.

चाकं टेकली तेव्हा त्यांनी घड्याळ बायकोपुढे केलं. दीड तास व्हायला आला होता.

"आन् तुम्ही सांगितलं न्हाई मला?" नंदाबाई चकित.

"सांगितलं आस्तं तर झालं आस्तं की!"

बाहेर वंदना एकटीच उभी होती. आईला बघून ती जागची हललीच नाही. नंदाबाईंनीच जाऊन तिला पोटाशी धरलं.

"घरचं कुनी आलं न्हाई गं?"

"म्या कुनाला सांगितलंच न्हाई, आई. तीनदा सांगून तोंडघशी पडल्ते."

मग तिने डोळे पुसले, सासूला फोन लावला आणि आख्ख्या विमानतळाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "अहो आई, माझी आई आलीय. हो, आलीय! माझ्यापुढं उभी आहे!"