बिजली पहिल्यांदा मुक्कामाला निघाली

घोडीवाल्याकडे किस्से कधी कमी नसतात. पण घोडी एका रात्रीसाठी बाहेरगावी न्यायची म्हटल्यावर आठ दिवसांत माझ्याकडे जेवढे साठले, तेवढे दादाकडे दहा वर्षांत साठले नसतील. त्याचं डोकं थंड होतं. माझं नाही.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. पालेगावात आमच्या घरामागे पत्र्याची शेड, तिच्यात बिजली, लग्नातली पांढरी घोडी. उल्हासनगर ते बदलापूर कुठलंही लग्न असो, दादा तिला चालवत न्यायचा आणि चालवत घरी आणायचा. बाहेर मुक्काम कधीच नाही. या वर्षी मात्र त्याने मुरबाडच्या पुढच्या एका गावाला शब्द दिला. शनिवारी संध्याकाळी मिरवणूक, रविवारी दुपारी वरात, मधली रात्र तिकडेच. आणि मग पाच दिवसांच्या तापात दादाच गेला. अजून तीन महिने झालेले नाहीत.

लग्नवाल्यांचा फोन आला. "तुमच्या घरात असं झालंय, आम्ही दुसरी घोडी बघू का?"

"दादाने शब्द दिलाय, आम्हीच येणार!" म्हणून मी फोन ठेवून दिला. ठेवल्यावर आठवलं, बिजली जन्मात कधी टेम्पोत चढलेली नाही!

बिजलीच्या रोजच्या चाऱ्याची पाटी घेऊन वहिनी दारात उभी होती. दादाच्या मागे घोडी कोण बघणार, म्हणून तिने कल्याणच्या एका माणसाशी बिजली विकायचं जवळपास ठरवलं होतं. ती म्हणाली, "भावजी, नीट न्या, नीट परत आणा. जमलं तर घोडी राहील. नाही जमलं, तर सोमवारी तो माणूस येईल आणि मी दोर त्याच्या हातात देईन."

झालं. माझे आठ दिवस सुरू.

*

शेजारच्या टॉवरमध्ये सातव्या मजल्यावर एक काका राहतात. आनंदनगरच्या कंपनीतून ऑफिसर म्हणून रिटायर झालेले. बातमी कळताच फाइल घेऊन खाली आले. "असं उठून जायचं नसतं. प्लॅनिंग लागतं. मी लिस्ट करतो."

दोन दिवस लिस्ट केली. त्रेचाळीस वस्तू! दोर, जादा दोर, टॉर्च, ब्रश, चादर, आग विझवायचं सिलिंडरसुद्धा. माझी शाळा सातवीत सुटली, त्यामुळे बोट ठेवून एकेक ओळ वाचायला अर्धा तास गेला.

"काका, सगळं आहे. यात घोडी कुठाय?"

काकांनी चष्मा लावला. कागद वरून खाली वाचला. मग पेन काढलं आणि ब्रश नि चादर यांच्या मधे लिहिलं, 'अडतीस-अ: घोडी.'

*

टेम्पो दिला उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या फर्निचरवाल्या सेठने. सिंधी माणूस, दादाचा दोस्त. ड्रायव्हरबरोबर स्वतः आला, फळी लावली आणि बिजलीकडे बघून म्हणाला, "साईं, टेन्शन नको. पंचवीस साल सोफे चढवतोय. दोन माणसं आगे, दोन माणसं पीछे, बस!"

"सेठ, मागे नका उभे राहू."

"अरे, कुछ नहीं होता!"

बिजली गर्रकन वळली आणि तिच्या लाथेने टेम्पोच्या फाळक्याला जो पोचा पडला, तो अजून आहे. सेठ थोडक्यात वाचला. लांब जाऊन, छातीवर हात ठेवून म्हणाला, "सोफे में एक बात अच्छी है. पीछे देखता नहीं."

मग गूळ दाखवून बघितलं. मी आत उभा राहून गूळ पुढे धरायचो, ती खालूनच मान लांब करून खायची. अर्धा किलो संपला. सकाळपासून त्या फळीवर फक्त मीच चढत-उतरत होतो!

*

जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, परक्या गावचं पाणी ती तोंडात घेणार नाही. आतापासून रोज पाण्यात थोडा गूळ कालवा. तीच चव तिकडे मिळाली की पिईल.

मी रोज पहाटे गूळ कालवायला लागलो. कशात? घाईत जो ड्रम हाताला लागला त्यात. तीन दिवस बिजली साधंच पाणी पीत होती आणि घरात कोणी काही बोलत नव्हतं.

चौथ्या दिवशी वहिनीने ताट पुढे ठेवलं आणि शांतपणे म्हणाली, "भावजी, डाळ गोड, भात गोड, चहा तर विचारूच नका. मी मुरबाडला गेले ना, की पाणी पिईन हं!"

दादा गेल्यापासून ती एवढं लांब वाक्य पहिल्यांदाच बोलली. मला हसावं की जेवावं कळेना. फोन काढला, दादाला सांगायला. नंबरही लावला. मग ठेवून दिला.

*

माझी आयडिया म्हणाल, तर बॅन्डवाल्यांना बोलवायची. बिजलीला दादाने शिकवलंय, बॅन्ड वाजला की चालायचं, थांबला की थांबायचं. म्हटलं, फळीसमोर वाजवा, आपोआप चढेल!

चढली पण! पुढचे दोन पाय टेम्पोत गेले. आणि नेमका तेव्हा ढोलवाल्याने हात थांबवून टाळ्या वाजवल्या, "चढली, चढली!"

बॅन्ड बंद, घोडी बंद. अर्धी टेम्पोत, अर्धी पालेगावात.

मी ओरडलो, "वाजव ना रे!" त्याने घाबरून वाजवलं ते नाचाचं! बिजली तिथेच नाचायला लागली, टेम्पो तिच्याबरोबर हलायला लागला आणि टॉवरच्या गॅलरीतून एक बाई विचारतेय, "नवरदेव कुठला हो?"

*

काकांनी नवीन मुद्दा काढला. "एक ट्रायल घे. परक्या जागी बांधून बघ." मी दुपारी तिला बदलापूरला आतेभावाच्या वाडीत चालवत नेलं, बांधलं, चहा प्यायला आत गेलो. बाहेर येतो तर दोर आहे, घोडी नाही.

घराचा रस्ता तिला पाठ. पण त्या रस्त्यावर लग्नाचे हॉल किती! आणि प्रत्येक गेटसमोर थांबायची तिला दहा वर्षांची सवय. मी आतेभावाच्या बाइकवरून विचारत निघालो. पहिल्या हॉलचा वॉचमन म्हणाला, "आली होती. पाच मिनिटं थांबली, गेली." दुसऱ्याचा पण तेच.

तिसऱ्या हॉलमध्ये लग्न होतं. बिजलीच्या कपाळाला कुंकू, तोंडात भिजवलेली चणाडाळ, पाठीवर नवरदेव! त्याचा मामा माझ्यावरच उखडला, "काय हो, घोडी वेळेवर पाठवता आणि माणूस उशिरा?"

*

शनिवार उजाडला. सामान चढलं, त्रेचाळीसच्या त्रेचाळीस वस्तू. राहिली अडतीस-अ.

तेवढ्यात कल्याणचा माणूस हजर! म्हणे, सोमवारची वाट कशाला, आधी बघून घेतो. बाह्या वर करून म्हणाला, "सरका. शंभर घोडी चढवलीत." तासभर खपला. ओढलं, चुचकारलं, डोळ्यांवर फडकं बांधलं. बिजली फळीसमोर खांबासारखी उभी. लग्नवाल्यांचे फोनवर फोन. मी टेम्पोच्या चाकाला लाथ मारली आणि खाली बसलो. म्हणालो, "संपलं. घेऊन जा तिला."

वहिनी घरात गेली. बाहेर आली तेव्हा खांद्यावर पिशवी, हातात डबा. फळीवरून सरळ टेम्पोत चढली आणि गवताच्या भाऱ्यावर जाऊन बसली.

आम्हाला निरोप द्यायला बदलापूरहून आलेल्या आत्याने तोंडाला पदर लावला. "अगं, लग्नघरी? तू? आत्ता?"

"मी घोडीबरोबर चाललेय, आत्या. नवरीबरोबर नाही."

बिजलीने मान वर केली. एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा आत बघितलं. मग टाप टाप फळीवर चढली आणि वहिनीशेजारी जाऊन उभी राहिली. बॅन्ड नाही, गूळ नाही, काही नाही.

कल्याणच्या माणसाने बाह्या खाली केल्या. "ताई, मग मी सोमवारी येऊ ना?"

वहिनी पिशवी मांडीवर घेत म्हणाली, "सोमवारी नको. आम्ही दोघी दमलेल्या असू."